दाजी, तुमचा लेथ दारात आलाय

दाजी, लेथ आला. तुम्ही निघून गेलात आणि मग तो आला, असं उलटं झालं. घरापुढं सतरंजी अंथरलेली, भेटायला आलेली माणसं खाली मान घालून बसलेली, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. आणि त्या ढिगाला चाक टेकवून टेम्पो थांबला. मागं तुमचा लेथ, लोखंड कातायचं यंत्र. दोरानं आवळलेला, ग्रीसनं माखलेला, लांबीला दोन माणसं झोपतील एवढा. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं आणि अख्ख्या बावड्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पावणं, मशीन कुठं उतरवायचं?"

मी आलेल्यांना पाणी देत होतो. हातातला तांब्या मी ड्रायव्हरच्या हातात दिला. त्यानं तो पिऊन टाकला आणि पुन्हा तेच विचारलं.

आता हा टेम्पो आलाच कसा, असं तुम्ही कपाळाला आठ्या घालून विचाराल. तर माझ्यामुळं. तुम्ही फोनवर म्हणालात, टेम्पो ठरव, म्हणून मी ठरवला. त्यानंतर जे झालं ते झालं. ज्यांच्याकडून लेथ घेतला त्या शेडमालकांचा फोन येत राहिला. सौदा तुम्ही केलेला. ते पहिल्यांदा विचारणार, दाजी कुठं आहेत. त्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडातून काढता येत नव्हतं, म्हणून मी फोन नुसता वाजू दिला. त्यांना उद्यमनगरातलं कारखान्याचं शेड रिकामं करून द्यायचं होतं. माणूस शब्दाचा पक्का. त्यांनी ठरल्याप्रमाणं माल भरून पाठवला.

पण मला धडकी भरली होती ती माझ्या बहिणीची, अक्काची.

तुम्ही गेल्यापासून अक्का माझ्याशी बोलली नव्हती. बाकीच्यांशी बोलायची. वैरण आली का, दूध घातलं का, कोण जेवायचं राहिलं. माझ्यावरून मात्र तिची नजर भिंतीवरून जावी तशी जायची. मी आपला अंगणात खुर्च्या मांड, खुर्च्या उचल, असं करत तिच्या समोर येणं टाळत होतो. कारण मी मनाशी ठरवून टाकलेलं होतं: डॉक्टरांनी ज्यांना विश्रांती घ्या म्हणून सांगितलं, त्यांना सख्ख्या भावानं दर रविवारी गाडीवर मागं बसवून धुरळ्यातनं शेडंच्या शेडं हिंडवली, असं ती धरून बसली असणार. त्यात तिच्याशी मी खोटं बोललेलो. लेथ केवढा असतो रे, असं तिनं मागं विचारलं, तेव्हा मी मोबाईलवर एका चिमुकल्या यंत्राचा फोटो दाखवून म्हणालो होतो, "शिलाई मशीनएवढा."

आणि आता ते शिलाई मशीन दारात उभं होतं आणि त्याच्या वजनानं टेम्पोच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा वाकला होता.

वर सुतक. नवं मशीन घरात घ्यायचं तर हळदकुंकू लावून, नारळ फोडून, मग बटण दाबायचं, ही आपल्याकडची रीत. सुतकात तो प्रश्नच येत नाही. आणि परत पाठवावं तर कुठं? शेड गेलेलं. टेम्पो इथून वळला असता, तर थेट भंगारवाल्याकडं गेला असता, तुम्ही वर्षभर शोधून निवडलेल्या लेथावर घण पडले असते. आणि अक्कानं तो आज दारातून परस्पर घालवला, तर माझंही त्या दारातलं येणंजाणं त्याच टेम्पोत भरून जाणार, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

तुम्हाला आठवतं ना, सुरुवात कशी झाली? कंडक्टरकी संपवून तुम्ही घरी बसलात आणि गल्लीतल्या वैरण तोडायच्या कडबाकुट्ट्या दुरुस्त करायला घेतल्यात. प्रत्येक वेळी शाफ्टभोवतीचं झिजलेलं बुश निघायचं आणि नवं कातून घ्यायला उद्यमनगरात दोन हेलपाटे पडायचे. तिथला लेथवाला टर्नर म्हणायचा, ठेवून जावा. तुम्ही म्हणायचात, ठेवून गेलो तर म्हस काय तुमच्या घरी येऊन वैरण खाणार? एके दिवशी तुम्ही जाहीर केलंत की घरचाच लेथ घ्यायचा, गोठ्यात बसवायचा, खिशाला झेपेल असाच घ्यायचा. मला लगेच स्फुरण चढलं. मी म्हणालो, लेथ कशाला, मिलिंग मशीन घेऊ, मला त्यावर पितळी घड्याळ करायचंय. तुम्ही माझ्याकडं बराच वेळ बघत राहिलात. आमच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल बदलायलाही तुम्हीच येत होता.

तो वाद काही आपण मिटवला नाही. मिलिंगला हत्यार फिरतं आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, स्थिर; लेथाला जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर. मला वाटायचं पहिलंच शहाणपणाचं. तुमचं म्हणणं, गोल वस्तू आधी. बुश गोल, शाफ्ट गोल, पुली गोल. चौकोनी हौस मग बघू. मी म्हणायचो, दाजी, तुम्ही हुकूमशहा आहात. तुम्ही म्हणायचात, मेव्हणं, तुमी परवाशी हाय, मागं सरकून बसा.

त्या नव्या छोट्या लेथाच्या दुकानात तर मी तुमच्या हाती जन्माची हसण्याची सोयच दिली. छान निळा, टेबलावर मावणारा, घरच्या प्लगवर चालणारा. मी आधीच मनातल्या मनात त्याची जागा ठरवलेली. तुम्ही काय केलंत, दोन्ही हात खाली घातलेत आणि त्याचं एक टोक उचललंत. दुकानदार धावत आला. तुम्ही ते खाली ठेवून म्हणालात, "जे मला उचालतंय, ते लोखंड काय कापणार? ह्यो डबा हाय."

मी चिडलो. म्हणालो, निदान चालवून तरी बघू. दुकानदारानं चकात, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या जबड्यात, एक सळई धरून दिली, मी मोठ्या रुबाबात चकाची किल्ली आणखी थोडी आवळली आणि दुसऱ्या हातानं बटणाकडं गेलो. किल्ली तशीच चकात अडकलेली. मला ती दिसतच नव्हती, दाजी. मी बटणाकडं बघत होतो. आणि मग माझं मनगट कुणीतरी असं धरलं की हाड मोडलं असं वाटलं.

तुम्ही ओरडला नाहीत. गर्दीच्या एसटीत मागच्या दाराला लोंबकळणाऱ्याला पुढच्या दारातनं शिव्या घालणारे तुम्ही, त्या वेळी एक शब्द बोलला नाहीत. नुसती नजरेनं किल्ली दाखवलीत. ती काढून माझ्या खिशात घातलीत. मग दुकानदारानं मशीन सुरू केलं, आणि मी ते चक फिरताना बघितलं. ती किल्ली तिथं असती तर पहिल्याच फेऱ्यात सुटून कुठं गेली असती ते मला तेव्हा दिसलं. बाहेर चहाच्या गाड्यावर तुम्ही कप माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "अक्काला जाऊन सांगायला लागलं असतं बघ मला." बस एवढंच. त्याबद्दल मी तुमचे आभार मानलेच नाहीत. त्या दिवशी मी चहा गोड झालाय म्हणून तक्रार केली.

तुम्हीही काही सगळीकडं शहाणे नव्हता. लेथाचा पत्ता नसताना जुन्या बाजारातून पिशवीभर कापायची हत्यारं घेऊन आलात, स्वस्त मिळाली म्हणून. त्यातलं एकही कशात बसत नाही. पिशवी अजून गोठ्याच्या माळ्यावर आहे. अक्काला ती जुन्या सळ्या-पत्र्यांची अडगळ वाटते, आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर आहे.

मग तो हिरवा लेथ. रंगवून असा चकाचक उभा केलेला, जणू हळदीला बसवलाय. मी बघताक्षणी भाळलो. म्हणालो, दाजी, हाच. तुम्ही रंगाकडं बघितलंच नाहीत. हत्यार धरून पुढंमागं सरकतो तो कॅरेज, आणि तो ज्या लोखंडी रुळांवर सरकतो तो बेड. तुम्ही चकाजवळ कॅरेज नेलात, त्याची पट्टी आवळलीत, मऊ पण घट्ट सरकेल इतपत. मग दुसऱ्या टोकाकडं ढकलत निघालात. अर्ध्यात तो असा अडकला की तुम्ही पाय रोवून ढकललात तरी हलेना. म्हणजे चकाजवळ, जिथं रोज काम होतं तिथं, बेड झिजून खोल गेलेला आणि दुसरं टोक जसंच्या तसं. विकणारा म्हणाला, थोडं तेल घातलं की सुटतंय. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "तेल लावून म्हातारा बी चालतोय, पर नवरा म्हणून घरी न्हेत न्हाय कोन."

अशी वर्षभर चाललेली आपली परीक्षा. त्याला वाटाघाटी म्हणायचं का सहल, मला अजून कळत नाही. शेवटी उद्यमनगरातल्या त्या बंद होणाऱ्या शेडमध्ये हा भेटला. रंग नाही, चमक नाही, वरून काजळी. तुम्ही तीच परीक्षा घेतलीत. कॅरेज शेवटाकडं जड होत गेला, पण अडकला नाही. चकाजवळ नख फिरवलंत आणि मलाही फिरवायला लावलंत. झीज होती, नखाला लागत होती. मी लगेच म्हणालो, हाही झिजलेलाच की, मग त्या हिरव्यानं काय घोडं मारलं होतं? आणि आणखी पुढं गेलो. म्हणालो, तुम्ही भंगार घ्यायला निघालाय.

शेडमालक तिथंच उभे होते. आयुष्य काढलेलं त्यांनी त्या मशीनवर. तुमचं तोंड उतरलं. तुम्ही म्हणालात, "ह्येचं कुठं झिजलंय ते मला कळलंय. कळल्यावर भ्या कसलं? तेवढं सांभाळून काम करायचं." आणि सौदा करून टाकलात.

तिथून बावड्यापर्यंत तुम्ही गाडीवर माझ्या मागं बसलात आणि अवाक्षर बोलला नाहीत. तुम्ही. तिकडून येताना दिसेल त्याला हाक मारणारे. मी आरशात बघायचो, तर तुम्ही रस्त्याच्या कडेला बघत असायचात. मला दोनदा वाटलं, गाडी थांबवावी आणि म्हणावं, दाजी, चुकलं. पण मीही तसा ताठच. म्हटलं, सकाळी म्हणू. सकाळी तुमचाच फोन आला, टेम्पो ठरव. आवाज नेहमीचा. म्हटलं, चला, मिटलं. आता म्हणायची काय गरज. त्यानंतर तुम्ही एका पहाटे धार काढायला बसलात आणि म्हशीच्या अंगावर डोकं टेकलंत, तसेच राहिलात. ती बिचारी हलली नाही म्हणतात. अक्का येईपर्यंत ती हलली नाही.

तर टेम्पो.

ड्रायव्हर दुसऱ्यांदा विचारत होता आणि मी त्याला हळू बोल म्हणून खुणा करत होतो, तेवढ्यात सतरंजीवरून तुमचे चुलतभाऊ तात्या उठले. जन्म फाउंड्रीत गेलेला माणूस. त्यांना वाटलं असावं, आपण कुणाला कळू न देता बघून येऊ. त्यांच्यामागं शेजारचा बंडा उठला, तो वर्कशॉपात कामाला. मग एकेक करत सगळीच सतरंजी उठली. दुखवट्याला आलेली माणसं, दाजी, टेम्पोच्या फाळक्याला लटकून लेथ बघायला लागली. कुणी चक हातानं फिरवून कानाला लावल्यासारखं ऐकतंय, कुणी गिअरचे दात मोजतंय. दहा मिनिटांपूर्वी कुजबुजत बोलणारी माणसं हळूहळू आपल्या खऱ्या आवाजावर आली.

तात्यांनी चकाजवळ नख फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फसीवलं की रं ह्यास्नी. हितं खड्डा हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तात्यांचं खरं मानलं, तर तुमचे ते सगळे रविवार, ते उन्हातलं हिंडणं, ते शेवटचं गाडीवरचं मुकं बसणं, सगळं एका फसव्या सौद्यासाठी झालं. आणि आत दाराआड अक्का ऐकत होती.

मी फाळक्यावर चढलो. चढताना घसरलो, ते जाऊ दे. कॅरेज चकाजवळ नेला, पट्टी आवळली, तुम्ही आवळायचात तशी, आणि दुसऱ्या टोकाकडं ढकलत निघालो. कॅरेज जड होत गेला, मध्ये एकदा रुतल्यासारखा झाला, माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, तात्या म्हणाले, बघ, अडाकला. मी खांदा लावला. तो करकरला आणि शेवटच्या टोकाला जाऊन टेकला.

मी म्हणालो, कुठं झिजलंय ते दाजींना माहीत होतं. माहीत असून घेतलाय. फसवलेलं नाही.

बंडा म्हणाला की घरगुती बुशाला एवढी झीज काहीच नाही. तात्या म्हणाले, तुझ्या बानं कधी बुश केलंतं का. बंडानं तात्यांचा बाप काढला. एकच गिल्ला झाला. तुमच्या अंगणात इतक्या दिवसांनी कुणी एवढ्या मोठ्यानं भांडत होतं. आणि त्या गोंगाटात अक्का बाहेर आली.

कुणाला सांगावं लागलं नाही. माणसं आपोआप दोन बाजूंना झाली. मी फाळक्यावरच उभा, ग्रीसनं काळे झालेले हात कुठं ठेवावेत कळत नव्हतं. तिनं लेथाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"शिलाई मशीन व्हय ह्ये?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "गप. त्यांनी सौदा केला त्याच दिवशी मला सगळं सांगितलंतं. केवढं हाय, कुठं बसवायचं, म्हस कुठं बांधायची. तुला सांगू नको म्हणालेते. म्हणाले, त्येला वाटू दे तुला फसीवलंय म्हणून, मजा येतीया त्येला."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मला हसू येईना. म्हणजे माझ्या खोटेपणाच्या राखणीला तुम्ही दोघं बसला होतात. पण अक्का अजून थांबली नव्हती.

"निवडलं कुणी?"

मी म्हणालो, दाजींनी.

"तुझं काय म्हणणं हुतं?"

सगळी गल्ली ऐकत होती. मी म्हणालो, मी भंगार म्हणालो होतो.

"आणि आता वर चढून भांडालायस त्यांच्या बाजूनं."

मी मान हलवली.

"ते हुते तवा भांडायचंस की," अक्का म्हणाली. "त्यांच्यासमोर एकदा म्हणायचंस. सौदा करून आल्यावर जेवलेपण न्हाईत ते त्या दिवशी."

दाजी, यापेक्षा कुणी मारलं असतं तरी चाललं असतं. मी फाळक्यावरून खाली उतरलो आणि टेम्पोच्या चाकाजवळ बसलो, चपलांच्या ढिगात. मला वाटलं, संपलं. आता ती म्हणणार, वळवा टेम्पो. ड्रायव्हरनंही तसंच समजून किल्ली फिरवली होती.

अक्कानं त्याला हात केला. "उतरवा," म्हणाली. "तात्या, तुमी बघा. पहारी गोठ्यात हायत, पायपाचे तुकडे बी. आनि ह्येला हात लावू दिऊ नका, पाडील."

मग जे उतरवणं झालं ते तुम्ही बघायला हवं होतं, आणि बघितलं असतंत तर तुमचा रक्तदाब वाढला असता. फळ्या लावल्या, खाली पाइप घातले, मागून दोरानं रोखून धरलं. चकाच्या बाजूला वजन जास्त. फळीवर तो तिकडं झुकला आणि क्षणभर दोराला धरलेली सगळी माणसं एक पाऊल पुढं ओढली गेली. तात्या ओरडले, पहार घाल, पहार. बंडानं घातली. लेथ फळीवर तसाच तिरका, श्वास रोखल्यासारखा उभा राहिला. मी हात पाठीमागं बांधून उभा होतो, सांगितल्याप्रमाणं. मग हळूच, बोटाच्या पेराएवढा एकेक सरकत, तो खाली आला. गोठ्यातून म्हैस बाहेर काढून अंगणात बांधली. तुम्ही ठरवलेल्या जागेवर लेथ नेऊन ठेवला. पूजा नाही, नारळ नाही. अक्कानं पदरानं त्याच्यावरची काजळी थोडी पुसली, एवढंच.

बंडा मोटर बघायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग सरळ होऊन त्यानं माझ्याकडं बघितलं. मोटर तीन फेजची. घरात लाइट एका फेजची. मशीन जागेवर बसलं, पण चालणार नाही. मालकांना मोटर कसली आहे ते विचारून ये, हे एकच काम तुम्ही माझ्याकडं दिलं होतंत. मी विचारलं होतं. मोटर आहे का, असं विचारलं होतं. आहे, म्हणाले.

तात्यांनी कपाळाला हात लावला. बंडा म्हणाला, काही हरकत नाही, ओळखीचा माणूस आहे, उद्याच एका फेजची आणून बसवतो, संध्याकाळपर्यंत लेथ चालू.

अक्का गोठ्याच्या दारात टेकून उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याकडं अशी बघत होती की मी भिंत नव्हतो.

"उद्या नको," ती बंडाला म्हणाली. "ह्येलाच बदलू दे. रोज ईऊन बदलू दे सावकाश."

दाजी, मी रोज जातोय. आज दोन नट काढले, त्यातला एक हरवला. अक्का पालथ्या पाटीवर बसून बघत होती आणि तुमच्याबद्दल बोलत होती. माझ्या हातून काम किती दिवस लांबेल याची तुम्ही काळजी करू नका. तेवढं एक मला चांगलं जमतं.